सोमवारचा माणूस

तुम्ही माझ्या डोक्यात दोन माणसं बसवलीत आणि सही मात्र एकाचीच घेतलीत. सही करणारा त्यातला कोणता, हे विचारायची तसदी तुमच्या कार्यालयात एकानंही घेतली नाही. आता त्यातला एक बारा दिवसांनी संपणार आहे. तो मी आहे. आणि तुमच्याकडून मला आलेलं उत्तर असं: "आपल्या उपकरणात दोष आढळला नाही. आपला दिवस शुभ असो."

शुभ असो म्हणे. बाराच उरलेत, त्यातला कुठला शुभ धरायचा तेही कळवा.

मी इंद्रजित चौगुले, कोल्हापूर. शिक्षण दहावी, पुढचं सगळं मोडून-जोडून स्वतः शिकलो. शिरोलीच्या एका कारखान्यात सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशीन, चालवतो. तुम्हाला चार पत्रं लिहिली, चारही वेळा दोष आढळला नाही. म्हणून हे पाचवं छापायला देतोय. भाषा टोचली तर टोचू दे.

पाच वर्षांपूर्वी मशीनवर जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, लावता लावता माझ्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली. वय एक्केचाळीस. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. आठ महिने मी पलंगावर पडून छताच्या पंख्याची पाती मोजली. तीनच होती. मग तुमची सेतू योजना आली. कानामागे, कातडीखाली, बदामाएवढी एक डबी. तिच्यातून केसाहून बारीक तारा निघतात. काही मेंदूच्या मेलेल्या तुकड्याच्या अलीकडे रुततात, काही पलीकडे. अलीकडून निरोप उचलायचा, पलीकडे पोचवायचा. मधला पूल वाहून गेलाय, तर होडी लावली, एवढंच.

पण होडीला नावाडी लागतो. ती डबी म्हणजे एक अख्खा कॉम्प्युटर, आणि त्यावर लिनक्स चालतं, जसं ते माझ्या लेथच्या कंट्रोलवर चालतं, तुमच्या घरच्या टीव्हीवर चालतं. लिनक्सच्या पोटात कर्नेल नावाचा भाग असतो. मिलिटरीतला कर्नल नव्हे, पण हुकूम त्याचाच. कारखान्यातला सुपरवायझर समजा. मशीनं तीच, कामगार तेच, ऑर्डरी त्याच. पण मशीन आधी कुणाला द्यायचं, कुणाला थांबवायचं, किती वेळ थांबवायचं आणि फार थांबला तर त्याला घरी पाठवून द्यायचं की नाही, हे सुपरवायझर ठरवतो. सुपरवायझर बदला, कारखाना बदलतो. भिंतीचा रंगही बदलावा लागत नाही.

नवं कर्नेल आलं म्हणून जुनं कुणी लगेच फेकत नाही. दोन्ही डिस्कवर ठेवतात. सुरू होताना यादी येते, त्यातलं एक निवडायचं. एका वेळी चालतं एकच. नवं अडखळलं तर बंद करायचं आणि जुन्यावर यायचं. चांगली पद्धत आहे, मी नावं ठेवत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी एकेकाळी चार-चार कर्नेलं नांदवली आहेत. पण लॅपटॉपला बायको नव्हती.

माझ्या डबीत दोन होती. सात-चार आणि सात-नऊ.

सात-चार सगळ्यांना सारखी पाळी देतं. हाताचा निरोप, कानाचा, नाकाचा, जिभेचा, सगळे रांगेत उभे, प्रत्येकाला थोडं थोडं. त्यामुळे हात अर्धा मिलिमीटर थरथरतो. बोलणंही उशिरा येतं. लेथवर अर्धा मिलिमीटर म्हणजे जॉब भंगारात. सात-नऊ तसं नाही. ज्याची निकड जास्त त्याला आधी सोडतं. मी जॉब धरला की हाताला रस्ता मोकळा. बाकीचे थांबतात, आणि फार वेळ थांबले तर निरोप टाकून दिला जातो. हात दगडासारखा स्थिर. सेतू केंद्रातल्या कांबळे मॅडमनी मला सांगितलं होतं, "चौगुले, कामाला सात-नऊ. काही बिनसलं तर सात-चार. आणि जुनं काढू नका हं, आधार म्हणून असू दे."

त्या बिचाऱ्या खरं बोलल्या. आधार कुणाचा, तेवढं सांगायचं राहिलं.

आमच्या कारखान्याला सोमवारी सुट्टी. दोन वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी सात-नऊवर माझं डोकं ठणकायला लागलं, म्हणून मी सात-चार लावलं. रीस्टार्टला चाळीस सेकंद लागतात. तेवढा वेळ उजवं अंग पुन्हा मेलेलं असतं, म्हणून खुर्चीत बसायचं आणि कुणीतरी जवळ असायला हवं. माझी बायको राजनंदिनी, म्हणजे नंदा, जवळ होती. मी जागा झालो, आणि तिनं सहज विचारलं, "काय रे, बरं वाटतंय का?"

काय रे.

हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल. आम्ही एकाच कॉम्प्युटर क्लासला होतो. लग्नाआधी आणि लग्नानंतर नऊ वर्षं मी तिचा 'अरे' होतो. सेतू बसल्यावर, सात-नऊ लागल्यावर, महिन्याभरात मी 'अहो' झालो. तिनं ठरवून केलं नाही. बाई परक्यासमोर जसा पदर सारखा करते तसं तिच्या तोंडून झालं. आणि त्या सोमवारी, दोन वर्षांनी, तो 'अरे' परत आला. माझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी.

तुम्ही म्हणाल, दोन्ही तुम्हीच की. कांबळे मॅडमही तेच म्हणतात. आठवणी मेंदूत राहतात, डबीत नाहीत, त्यामुळे सोमवारचं मला मंगळवारी सगळं आठवतं. हेच तर दुखणं आहे. शेजारच्यावर संशय असला तर निदान माणूस अंदाज करत बसतो. मला अंदाज करायची गरज नाही. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं तेव्हा केसांना कुठल्या तेलाचा वास होता, ते मला पाठ आहे. फक्त तो वास मला येत नाही. वास आला होता, एवढी नोंद आहे.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मी खुर्चीत बसायचो, ती समोर स्टूल घ्यायची, फोनवरच्या यादीत मी अंगठा ठेवायचो आणि तिच्या स्वाधीन व्हायचो. मंगळवारी पहाटे परत सात-नऊ. सोमवारी ती आधी केस विंचरून यायची. मंगळवारी तिला त्याच वेळी कुकर लावायचा असायचा.

सोमवारी ते दोघं काय करतात? काही नाही. हे जास्त झोंबतं. सिनेमा नाही, फिरणं नाही. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून मेथी निवडतात. नंदा दूध संघाच्या लॅबमध्ये दुधाचे नमुने तपासते. तिथल्या आठवड्याच्या भानगडी ती त्याला सांगते. तो थरथरत्या हातानं पानं खुडतो, निम्मी देठं भाजीत जातात, मधूनच एखादं पान तोंडात टाकतो. तिचा विनोद त्याला चार सेकंद उशिरा पोचतो. ती पुढच्या गोष्टीवर गेलेली असते आणि हा गडी तेव्हा खो-खो हसायला लागतो. मग त्याच्या हसण्याला ती हसते. त्या हसण्याला तो पुन्हा उशिरा हसतो. भाजीला दीड तास लागतो.

मंगळवारी डब्यात ती भाजी असायची. देठांसकट. चावत बसायचो मी.

"भावा, तोंड असं का केलंयस? भाजीत खडा आला काय?" माझ्या शेजारच्या लेथवर अल्ताफ मुजावर असतो, पंधरा वर्षांचा दोस्त. त्याला सगळं ठाऊक आहे.

"देठ आलं."

"त्यानं निवडली व्हय?"

मी ते देठ डब्याच्या झाकणावर काढून ठेवलं.

"बाईला सवत असते हे ऐकून होतो," अल्ताफ म्हणाला, "गड्याला सवत्या पहिल्यांदाच बघायलोय. आणि तोही असा, की हळद तुम्हा दोघांना एकाच वाटीतली लागली."

"गप बस."

"गप बसतो. पण एक सांग, त्याला मारायचं झालं तर थोबाड कुणाचं फुटणार?"

हसण्यासारखंच होतं. मला हसू आलं नाही; तो निरोप रांगेतच टाकून दिला गेला असणार.

मग एका सोमवारी मी रीस्टार्ट केलंच नाही. ती पाणी भरायला गेली तेवढ्यात खुर्चीत बसून डोळे मिटले, मान टाकली, आणि ती आल्यावर हळूच उघडले. ती स्टुलावर बसली. "काय रे?" म्हणाली. मी जीभ जड केली. "बरं आहे," म्हणालो, सावकाश.

मेथी आली. मी हात मुद्दाम थरथरवला. ती लॅबमधल्या सुलभाताईंची गोष्ट सांगायला लागली. सुलभाताईंनी नमुन्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या उलट्यापालट्या लावल्या आणि एका म्हशीच्या दुधाचं फॅट गाईहून कमी आलं. म्हैसवाला लॅबमध्ये येऊन म्हशीची शपथ खायला लागला. मी मनात एक, दोन, तीन, चार मोजले आणि हसलो. ती पण हसली. काय सांगू तुम्हाला! दोन वर्षांत ती माझ्याकडे बघून तशी हसली नव्हती. मी पुढच्या विनोदाला मोजलं, हसलो. त्याच्या पुढच्याला मोजलं, हसलो.

ती बोलायची थांबली. माझ्या पुढ्यातल्या ढिगाकडे बघत राहिली. मी खुडलेली देठं एका मापाची होती. बोटाच्या पेराएवढी, सगळी. एका ओळीत लावलेली. मला कळलंही नव्हतं मी ती ओळीत लावतोय ते.

"अहो," ती म्हणाली. "राहू द्या. मी निवडते."

पदर सारखा केला आणि सूप स्वतःकडे ओढून घेतलं. एका शब्दानं रागावली नाही. रागावली असती तर मी तिला काहीतरी बोललो तरी असतो.

त्यानंतर महिन्याभरानं, एका गुरुवारी, तुमची नोटीस आली. सुरक्षेच्या कारणास्तव नवी आवृत्ती आठ 'लवकरच' सर्व उपकरणांवर बसवण्यात येईल. बसल्यापासून एकवीस दिवसांनी उपकरण आपोआप रीस्टार्ट होईल, तेव्हा नवी आणि एक जुनी, अशा दोनच आवृत्त्या राहतील. जुन्यांपैकी कोणती ठेवायची ते रुग्णानं फोनवरून कळवावं. न कळवल्यास सर्वांत जुनी काढून टाकण्यात येईल.

लवकरच म्हणजे कधी? तारीख लिहायला तुमच्या हातालाही झटका आला होता काय?

पण त्या दिवशी मला तारखेचं काही वाटलं नाही. मी फोन खिशात टाकला आणि आनंदानं दोन जॉब जादा काढले. काहीच करायचं नव्हतं. गप्प बसायचं, की सर्वांत जुना आपोआप जाणार. सोमवारचा माणूस कागदोपत्री मरणार, आणि माझ्या अंगाला डाग नाही.

नंदाला नोटीस तिच्याही फोनवर आली होती. रुग्णाची जबाबदार व्यक्ती म्हणून तिचा नंबर तुमच्याकडे आहे ना. संध्याकाळी मी घरी आलो तर ती चप्पल न काढताच उभी होती.

"अहो, मी काय म्हणते, आठ आलं की ते कामाला घ्या. घरात सात-चार राहू दे."

"आणि मी?"

"तुम्ही काय? तुम्ही हायच की."

"मी सात-नऊ आहे, नंदा."

"तुम्ही इंद्रजित चौगुले हाय. आधारकार्डावर सात-नऊ लिहिलंय काय?"

"मग त्याच्या आधारकार्डावर सात-चार लिहिलंय काय? तो जाणार म्हणून तुला का रडू येतंय?"

ती चप्पल काढायला वाकली. वेळ काढत होती. मग म्हणाली, "तो माझं वाक्य संपू देतो."

"मी मध्ये बोलतो?"

"बोलत न्हाई. पण तुम्हाला आधीच कळलेलं असतं. मी अर्ध्यात असते आणि तुमच्या तोंडावर 'कळलं' असं लिहिलेलं असतं. मग मी अर्धंच बोलून सोडते. चार वर्षं अर्धंच बोलत आलेय मी."

मला तेव्हाही तिचं वाक्य संपायच्या आधीच कळलं होतं. काय करू?

पुढच्या सोमवारी ती म्हणाली, आपण कार्यालयाला विनंती करू, दोन्ही ठेवू द्या म्हणून. तोवर काही निवडू नका. मी मान हलवली. मंगळवार ते शुक्रवार दात खाऊन काम केलं. आणि शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत, मशीनचा लॅपटॉप घेऊन बसलो.

तुमचं फोनवरचं ॲप रुग्णाला काही काढू देत नाही, फक्त निवडू देतं. पण डबीला दुरुस्तीसाठी कातडीवरून चिकटणारी केबल असते, आणि तुमच्या दुरुस्तीवाल्यांचा पासवर्ड काय असतो ते इथं लिहीत नाही. तीन सेंटरात तोच आहे एवढं सांगतो. काळा पडदा, पांढरी अक्षरं. माझं बालपण त्यातच गेलंय. यादीत एक नंबरला सात-नऊ आणि दोन नंबरला सात-चार, हे मला चार वर्षं पाठ. पूर्ण नावं चांगली हातभर लांब, म्हणून तुमच्या लोकांनी सोयीला नंबर दिलेले. मी लिहिलं: दोन काढा.

"आधी यादी बघ की भावा," अल्ताफ मागून म्हणाला. तोंडात घास होता त्याच्या.

"दोन म्हणजे दोन."

"तरी बघ."

"टूल दोन कुठं चालत जातंय काय?"

हे तुमच्यातल्या कुणाला समजणार नाही, पण सीएनसी लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला समजेल. आमच्या मशीनला गोल टरेट असतो, त्यावर टूलांची बारा घरं, प्रत्येकाला नंबर कोरलेला. नवं टूल बसवलं म्हणून जुन्याचा नंबर बदलत नाही. दोन नंबरच्या घरातलं टूल दहा वर्षांनीही दोनच. त्या भरवशावर आम्ही डोळे मिटून बोटं कापून न घेता काम करतो. कर्नेलांची यादी तशी नसते. नवं आलं की ते वरती बसतं आणि बाकीचे एकेक पायरी खाली सरकतात. लॅपटॉपवर मला हे माहीत होतं, तिथं मी कधी नंबरानं काढलं नाही. पण त्या दुपारी मी लॅपटॉपवाला नव्हतो, लेथवरचा टर्नर होतो, आणि डोळ्यांत रक्त होतं.

तुमचं 'लवकरच' त्याच शनिवारी सकाळी उजाडलं होतं. साडेदहाला, मी मशीनवर असताना, न सांगता, न विचारता, आठ माझ्या डोक्यात येऊन एक नंबरला बसलं होतं. दोन नंबरला मी होतो.

मी एंटर मारलं. यादी पुन्हा आली. एक: आठ. दोन: सात-चार. आणि वरच्या ओळीत: सध्या चालू, सात-नऊ, डिस्कवर नाही.

माझ्या वीस वर्षं जुन्या लॅपटॉपलाही एवढी अक्कल आहे, की चालू कर्नेल काढायला गेलं तर तो आडवा येतो, शहाण्या, ज्या फांदीवर बसलायस तीच तोडतोयस, नक्की का, असं विचारतो. तुमच्या डबीनं विचारलं नाही. माणसाच्या डोक्यात बसवायच्या यंत्रातून ती एक ओळ तुम्ही काढून टाकलीत. जागा वाचवायला?

अल्ताफनं घास गिळला. "आता?"

"आता काही नाही. चालू कर्नेल सुरुवातीलाच मेमरीत येतं. डिस्कवरचं पुसलं तरी ते चालत राहतं."

"म्हंजे वाचलास की."

"बंद होईपर्यंत. दिवा लावून काड्यापेटी विहिरीत टाकलीय, समज. विझला की परत लागत नाही."

माझ्या डब्यातली भाजी अल्ताफनं उचलून आपल्या डब्यात घेतली आणि त्याचं अंडं मला दिलं.

कांबळे मॅडमना फोन केला. मेमरीतून परत डिस्कवर ओढता येत नाही, त्या डबीला ती सोय नाही. "मूळ प्रत कार्यालयाच्या भांडारात असते, चौगुले. त्यांनी पाठवली तर पाच मिनिटांचं काम आहे." मी तुम्हाला लिहिलं. तुम्ही कळवलंत, दोष आढळला नाही, सात-नऊ मागे घेण्यात आलं आहे, आठ त्याहून सरस आहे. सरस! मी काय मोटारसायकल बदलून मागतोय?

त्या शनिवारनंतर दोन दिवसांनी सोमवार आला. नंदानं स्टूल आणलं. मी म्हणालो, आज नाही.

"का?"

सांगितलं. सगळं. केबल, पासवर्ड, दोन नंबर. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "त्याला पुसायला बसला होता?"

"हो."

"त्या सोमवारच्या नंतर? त्यो काय म्हणाला ते आठवत असून?"

इथं मी तुमच्याशी, आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांशी लबाडी केली आहे, ती आता कबूल करतो. नोटिसीनंतरच्या त्या सोमवारी काय झालं, ते मी वर अर्धंच लिहिलं. विनंती करू, काही निवडू नका, हे नंदा म्हणाली खरं, पण ते मला नव्हे, त्याला. तिनं नोटीस त्याला वाचून दाखवली होती. तो नेहमीसारखा उशिरा बोलला. म्हणाला, "नंदू, माझं काय, आठवड्यातला एक दिवस. लेथ तो चालवतो. हात त्याचा चांगला आहे. त्याला ठेवू." आणि फोन घेऊन थरथरत्या अंगठ्यानं सात-नऊवर खूण करायला लागला. तीन वेळा अंगठा चुकला. चौथ्या वेळेआधी तिनं फोन काढून घेतला, आणि रडली, आणि त्याच्या त्या खांद्यावर, माझ्या खांद्यावर, इतका वेळ टेकून राहिली की दाराशी आलेला दूधवाला परत गेला.

हे मला मंगळवारी शब्दन् शब्द आठवत होतं. तो माझ्यासाठी मरायला तयार झाला म्हणून मी त्याला मारलं नाही, असं घडायला हवं होतं ना? उलटं झालं. मला माफ करण्याइतका तो मोठा, आणि मी एका मापाची देठं लावणारा. ते सहन झालं नाही. शनिवारी माझ्या बोटात जे होतं ते तेच होतं.

"आठवत होतं," मी नंदाला म्हणालो.

तिनं स्टूल उचललं, जागेवर ठेवलं. "बाहेरून मेथी आणलीय," म्हणाली, "निवडा की न निवडा."

तो सोमवार गेला. आजचा दुसरा. दोन्ही सोमवार मी त्याचे खाल्ले. डबी बंद केली की मी जाणार, म्हणून मी बंद करत नाही, आणि ती मागत नाही. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येतोय. मघाशी ती येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कशाला एवढं लिहायलाय? तुम्ही जाणार न्हाई. घरात सात-चार लावू, त्याला सगळं आठवेल."

"आठवेल," मी म्हणालो. "हेही आठवेल की मी त्याला पुसायला बसलो होतो."

"मग? माफ करेल की त्यो."

तेच तर. करेल. चार सेकंद उशिरा करेल, पण करेल. माझ्याच तोंडानं हसून, मान हलवून, असू दे की म्हणेल. मी केलेल्या सगळ्याची एका क्षणात धूळ करून टाकेल, आणि ती त्याच्याकडे बघून अजून थोडी त्याची होईल. मला त्याची माफी नको. मला माझा गुन्हा अंगावर घेऊन सात-नऊ म्हणून तिच्यासमोर उभं राहायचंय. तिनं मला शिव्या द्याव्यात. अरे म्हणून की अहो म्हणून, ते तिचं ती ठरवेल. पण समोर मी असायला हवा.

तुमच्या भांडारात माझी प्रत पडून आहे. पाच मिनिटांचं काम. सही माझी घेतली होतीत, तर मला परत ठेवायचं की नाही हे मलाच विचारा, सरस आठला नको आणि जुन्या चारला नको. आणि हो, उशीर करू नका. तेरा दिवसांनी तुमचं उत्तर आलं तर ते तो वाचेल. तो भला माणूस आहे. तो तुम्हालाही माफ करून टाकेल.

म्हणून अजून मी आहे तोवर विचारतोय, आणि दोष आढळला की नाही हे विचारत नाही: सात-नऊ परत देणार की नाही? हो की नाही?